पाणी आणि तळी

बालाघाटच्या आमच्या घरी अंगणातल्या नळाखाली जात्याची वरची तळी उलटी करून बसवलेली आहे, दळायची बाजू वर. मधल्या तोंडातून पाणी खाली जिरतं. टाकीचे घाव एके काळी बोटाला टोचायचे, ते आता गुळगुळीत झालेत. खालची तळी स्वयंपाकघराच्या जमिनीत रोवलेली होती. घर नव्यानं बांधताना ती फुटली आणि पायाच्या भरावात गेली. आजी म्हणायची, "जातं लक्षुमी आहे बाई, त्याले पाय लावू नोको." आजी गेली आणि तीन वर्षांत आम्ही त्या तळीवर बादली ठेवायला लागलो.

आमच्या घरात पाण्याची आणि तळीची गाठ पडली ती अशी, दळण कायमचं थांबल्यावर. पुढच्या पानांत ज्या जागांबद्दल मी लिहिलं आहे तिथे ही गाठ आधीच पडली होती. तिथे पाणी दगडाला फिरवत होतं आणि दगड पीठ पाडत होता. मराठी मुलखात अशा जागा फार थोड्या आहेत. त्या थोड्या का, हे समजून घेतल्याशिवाय पाणचक्कीचा इतिहास लिहिता येत नाही, असं माझं मत लिहिता लिहिता झालं. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण ते अगदी सोपं आहे. ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला वळवून एका पाटात घ्यायचं. पाट शक्य तितका सपाट न्यायचा, म्हणजे ओढा खाली उतरत जातो आणि पाटाचं पाणी उंचावर राहतं. पुरेसं अंतर पडलं की ते पाणी उतरत्या लाकडी पन्हळीतून एकदम खाली सोडायचं. खाली आडवं चाक असतं, तिरप्या पात्यांचं. पाणी पात्यांवर आदळतं, चाक फिरतं. चाकाच्या मधून एक उभा कणा वर गेलेला असतो, तो खालच्या स्थिर तळीच्या भोकातून निघून वरच्या तळीला अडकवलेला असतो. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. मध्ये दात नाहीत, पट्टा नाही, काही नाही. धान्य वर टांगलेल्या टोपलीतून पडतं. या टोपलीला बांधलेली एक काडी फिरत्या तळीवर टेकलेली असते. तळी खडबडीत असल्यामुळे काडी थरथरते, टोपली हलते आणि दाणे एकेक करून तोंडात पडत राहतात. तळी जोरात फिरली तर काडी जास्त हलते, दाणे जास्त पडतात. पाणी कमी झालं, तळी मंदावली, की दाणेही आपोआप कमी होतात. जात्यावर बसलेली बाई उजव्या हातानं खुंटा ओढते आणि डाव्या हातानं घास घालते. त्या डाव्या हाताचं सगळं शहाणपण या एका काडीत उतरलंय. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाकाकडे नाही, त्या काडीकडेच बघत बसले होते.

हिमालयात या यंत्राला घराट म्हणतात, कुठे घट म्हणतात. कुमाऊं-गढवालपासून हिमाचल, काश्मीर आणि नेपाळपर्यंत ही घराटं आहेत, आणि कितीतरी अजून चालतात. जुन्या घराटात तासाला पाच ते दहा किलो पीठ पडतं. वेग कमी म्हणून पीठ तापत नाही, त्याची चव टिकते. रात्रभर घराट चालू ठेवून माणूस घरी झोपायला जाऊ शकतो. मोबदला पैशात नाही, पिठाच्या वाट्यात. आणि चाकावरून पडलेलं पाणी पुन्हा ओढ्याला मिळतं, थेंबभरही खर्ची पडत नाही.

मग आमच्याकडे का नाही? हा प्रश्न मी बालाघाटची म्हणून विचारते, आणि बालाघाटला पाण्याची ददात नाही. शिवनीच्या मुंडाऱ्यात उगम पावलेली वैनगंगा आमच्या जिल्ह्यातून वाहत खाली भंडाऱ्याकडे जाते. बावनथडी आहे, बाघ आहे. वर्षाला पन्नास इंचांवर पाऊस पडतो. उत्तरेला सातपुड्याचे घाट, त्यांच्या कडांवरून पावसाळ्यात ओढे कोसळतात. गांगुलपाऱ्याचा धबधबा शहरापासून फार लांब नाही. दक्षिणेला मैदान, आणि मैदानात, गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत, तळीच तळी. (तळी म्हणजे जात्याचा दगड आणि तळी म्हणजे जलाशय, आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द पडावा याचा मला लहानपणापासून आनंद वाटत आलाय.) १९५६पर्यंत हा जिल्हा नागपूरच्या कारभाराखाली होता, मग भोपाळच्या गेला. शाळा हिंदीची झाली, बाजार हिंदी-पोवारीत चालू राहिला, आणि लांजीच्या बाजूच्या आमच्यासारख्या घरांत स्वयंपाकघराची भाषा मराठी राहिली. त्या स्वयंपाकघरात पाणी होतं, धान होतं, दगड होता. दगड फिरवायला मात्र आजी होती.

याची काही कारणं भूगोलात आहेत. सातपुड्याचा ओढा म्हणजे हिमालयाचा ओढा नव्हे. त्याला बर्फाचा आधार नाही. आषाढात तो पाट, पन्हळ, चाक सगळं वाहून नेईल आणि चैत्रात त्यात चिमण्या अंघोळ करतील. बारमाही आणि मध्यम, असं पाणी चक्कीला लागतं, ते आमच्याकडे निसर्ग आयतं देत नाही. दुसरं कारण ताटात आहे. वैनगंगेचं खोरं भाताचं. आमचं चिन्नोर तर इतकं नावाजलेलं की २०२१मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भाताला दळण लागत नाही, कांडण लागतं. ते काम उखळ-मुसळाचं आणि ढेकीचं. पायानं ढेकी दाबायची, पुढचं मुसळ उचललं जातं, सोडलं की धानावर आदळतं. घाटावरच्या गोंड-बैगा गावांत कोदो-कुटकी पिकते, तिची टरफलं काढायला मातीचं हलकं जातं असतं, कारण दगडाच्या भारानं दाणा चिरडतो. म्हणजे आमच्या भागात धान्याला हात लावण्याच्या तऱ्हाच तीन, आणि तिन्ही बाईच्या अंगमेहनतीवर चालणाऱ्या.

पण भूगोल आणि ताट एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही, हे मला औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्की पाहताना कळलं.

मराठी मुलखात पाणचक्की म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हीच. खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाज्याजवळ. बुखाऱ्याच्या बाजूच्या घिजदुवानहून दख्खनेत आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा इथे तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, होता, त्यांचा दर्गा इथेच आहे. चक्की आणि तिच्याभोवतीचं बांधकाम अठराव्या शतकातलं. निजामाच्या दरबारातला सरदार तुर्कताज खान यानं १७४४च्या सुमारास ते केलं असं सांगतात, आणि समोरचा लांबट हौद नि कारंजी त्यानंतर वीसेक वर्षांनी जमील बेग खानानं केली. तकियात येणारे प्रवासी, फकीर, मुरीद आणि छावणीतले शिपाई यांच्यासाठी इथे पीठ दळलं जाई. मध्य आशियातून दख्खनेत पोट भरायला आलेल्या शिपायांचा या तकियाशी घट्ट संबंध होता. इतक्या माणसांना रोज भाकरी घालायची तर पीठ हवं, आणि तकियात दळायला बसणाऱ्या घरच्या बाया नव्हत्या. मला वाटतं, ही गोष्ट चक्की उभी राहण्याच्या मुळाशी आहे.

पर्यटक हौदापाशी थांबतात. जुना वड आहे, मासे आहेत, भिंतीवरून पाण्याचा पडदा पडतो. चक्कीच्या खोलीत डोकावून फोटो काढतात आणि जातात. मीही पहिल्या खेपेला तेच केलं. दुसऱ्या खेपेला एका जाणत्या माणसानं मला विचारलं, "हे पाणी खामचं वाटतं का तुम्हाला?" मला वाटत होतं. नदीकाठी चक्की, म्हणजे नदीचं पाणी. पण ही चक्की खामचं पाणी घेत नाही. खाम फक्त हौदातून वाहून गेलेलं पाणी पोटात घेते. चक्कीला फिरवणारं पाणी शहराच्या उत्तरेला काही मैलांवरून, हर्सूलच्या बाजूच्या एका विहिरीपासून, जमिनीखालच्या नहरीतून येतं. मातीच्या नळांतून ते उतारानं वाहतं, वाटेत चिरेबंदी मनोऱ्यांत चढतं, तिथे कोंडलेली हवा मोकळी होते, पुन्हा खाली उतरतं, आणि शेवटी चक्कीजवळच्या उंच भिंतीत चढून खाली झेपावतं.

खडकी गावाचं शहर करणाऱ्या मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच नहरीनं पाणी आणलं होतं, पाणचक्कीची नहर हा त्याच विद्येचा पुढचा पाठ. इराण-तुराणात डोंगराच्या पोटातलं पाणी बोगद्यानं मैदानात आणतात, तीच विद्या. यातली खुबी अशी की नदीच्या वरवरच्या पाण्यावर भिस्त ठेवायची नाही. जमिनीत मुरलेलं पाणी पकडायचं, ते पावसाळ्यात माजत नाही आणि उन्हाळ्यात लवकर आटत नाही. जे बारमाही, मध्यम पाणी दख्खन आयतं देत नाही असं मी वर म्हटलं, ते इथे माणसांनी जमिनीखालून आणून दाखवलं. वाहून गेलेलं पाणीही वाया घालवलं नाही. हौदाच्या खाली दगडी खांबांवर तोललेलं मोठं दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. बाहेर मे महिना तापलेला असताना त्या दालनात अंगावर शहारा येतो.

तेव्हा भूगोलाचं कारण अर्धंच. पाणी आणता येत होतं. आणायला पैसा लागला, कारागीर लागले, जमिनीवर हुकूम चालवणारा माणूस लागला, आणि हे सगळं करावं इतकी पिठाची निकड कुणालातरी वाटावी लागली. तकियाला वाटली. गावातल्या घरांना वाटली नाही, कारण घराघरात पीठ पहाटे आपोआप तयार होत होतं. आपोआप म्हणजे काय, ते मी आजीच्या हातांवर पाहिलं आहे. उजव्या तळव्यावर, करंगळीच्या खाली, तिच्या कातडीचा एक घट्ट पट्टा होता, खुंट्यानं घडवलेला. माझ्या लहानपणी घरात चक्कीचं पीठ यायला लागून दहाएक वर्षं झाली असावीत. पट्टा गेला नव्हता.

जगात इतरत्र हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला, आणि तो नेहमी बायकांच्या बाजूनं सुटला असं नाही. इंग्लंडात १०८६च्या राजाच्या मोजणीत पाच हजारांहून जास्त चक्क्यांची नोंद झाली. पण त्या चक्क्या बहुधा जमीनदाराच्या नाहीतर मठाच्या होत्या, आणि तिथेच दळायचं, वाटा द्यायचा, अशी रयतेवर सक्ती होती. घरचं जातं हा गुन्हा ठरला. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीनं चौदाव्या शतकात लोकांची जाती जप्त केली आणि त्या दगडांची फरशी मठाच्या दालनात घातली. १३८१च्या बंडात लोक मठात घुसले, त्यांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे वाटून घरी नेले. मार्क ब्लोक या फ्रेंच इतिहासकारानं पाणचक्कीवरच्या १९३५च्या निबंधात हे सांगितलं आहे. तो वाचताना मला आमच्या नळाखालची तळी आठवली. कुणी हिसकावून नेलं म्हणून माणसं त्या दगडासाठी लढली. आमच्याकडे कुणी हिसकावलं नाही. जातं प्रत्येक घरात राहिलं, त्याच्यावर कर नव्हता, वाटा द्यायचा नव्हता. किंमत होती ती पहाटेच्या दोन तासांची, आणि ती कुठल्याच वहीत चढली नाही.

इंग्लंडातल्या त्या मोजणीच्याही हजारेक वर्षं आधी, रोमनांच्या काळात, अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीनं दळणाऱ्या बायकांना उद्देशून एक छोटी कविता लिहिली. आता निजा, कोंबडा आरवला तरी उठू नका, पाण्याच्या देवतांनी तुमचं काम हाती घेतलंय, असा तिचा आशय. पाणचक्कीच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांत तिची गणना होते. आणि आमच्याकडे? आमच्याकडे जनाबाई आहे. तिच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसतो, खुंट्याला हात लावतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं म्हणून आजही दाखवतात, बाया त्याचा खुंटा फिरवून नमस्कार करतात. दोन्हीकडे मागणं एकच आहे: कुणीतरी यावं आणि हा दगड माझ्याबरोबर ओढावा. तिकडे पाणी आलं. इकडे पाणी आलं नाही, म्हणून देवाला यावं लागलं. ही कल्पना मला भक्तीइतकीच थकव्यातून जन्मलेली वाटते, आणि असं म्हणण्यानं तिचं मोल उणावतं असं मला वाटत नाही.

ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. इतकं मोठं बायकांचं वाङ्मय जगात क्वचित असेल. ते जात्यामुळे झालं. पाणचक्की घरोघर पोचली असती तर ते झालं नसतं, असं मला कुणी म्हटलं की मी गप्प बसते. म्हणणं खरं आहे. पण आजीला मी एकदा विचारलं होतं, जातं सुटलं तेव्हा वाईट वाटलं का? ती म्हणाली, "वाईट कायचं? झोप लागली पोटभर." ओव्या तिला शेवटपर्यंत पाठ होत्या. हे दोन्ही मी जसं ऐकलं तसं इथे लिहून ठेवते.

वर्ध्याच्या मगनवाडीची गोष्टही याच संदर्भात येते. १९३४मध्ये गांधीजींनी तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, त्यांचे सहकारी कुमारप्पा यांनी तो चालवला. गिरणीच्या पांढऱ्याफेक तांदळाविरुद्ध आणि गिरणीच्या पिठाविरुद्ध त्यांनी हातकांडीचा तांदूळ, हातजात्याचं पीठ यांचा पुरस्कार केला. कोंडा गेला की सत्त्व जातं, गिरणी आली की गावातली मजुरी जाते, हे दोन्ही मुद्दे खरे होते आणि आहेत. संघानं घाणी, चूल, जातं यांत सुधारणा करण्याचे प्रयोगही केले. मला एवढीच रुखरुख आहे की त्या चर्चेत डोंगरी ओढ्याच्या पाण्याला फारशी जागा मिळाली नाही. मंद फिरणारा दगड, न तापणारं पीठ, गावातच राहणारा पैसा, आणि तरी बाईचा हात मोकळा, हे सगळं एकत्र देणारं यंत्र घराट होतं.

पाणी मोठ्या प्रमाणावर आलं ते सरकारी कालव्यांतून. १८५४मध्ये सुरू झालेल्या गंगेच्या कालव्याला जिथे जिथे उतार तोडण्यासाठी पायऱ्या द्याव्या लागल्या, तिथल्या पडत्या पाण्यावर पनचक्क्या बसल्या आणि सरकारनं त्या भाड्यानं दिल्या. आमच्या वैनगंगेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत धुटीचा बंधारा झाला. त्याचं पाणी बांध्यांत गेलं, धान वाढलं. वाढलेलं धान कांडायला आधी ढेक्या होत्या, मग बालाघाट-गोंदियात राइस मिली उभ्या राहिल्या. गव्हाच्या दळणासाठी गावात डिझेलची चक्की आली. तिच्या धुराड्याचा टुकटुक आवाज दोन कोसांवर ऐकू जाई, आणि तो ऐकू आला की बाया डोक्यावर दळणाचे डबे घेऊन निघत. मग वीज आली. टाकीवाले, "जात्याला टाकी लावा" म्हणत फिरणारे, हळूहळू यायचे बंद झाले. आमच्या गल्लीत शेवटचा टाकीवाला आला तेव्हा मी चौथीत होते. आजीनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि काम नसताना तळीला टाकी लावून घेतली. नळाखालचे ते घाव त्याच दुपारचे आहेत.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे नाही, पाण्याच्या वाटेप्रमाणे आहे. हर्सूलच्या विहिरीपासून मी सुरुवात केली आहे, नहरीच्या वाटेनं खामपर्यंत आले आहे, मग हिमालयातल्या घराटांकडे आणि तिथून परत वैनगंगेकडे. जे वाचक पाणचक्की बघायला जातील त्यांना एक विनंती आहे. चक्कीच्या खोलीत जाण्याआधी हौदाखालच्या दालनात उतरा. थोडा वेळ उभे राहा. डोक्यावर पाणी आहे, शेजारून खाम वाहतेय. डोळे तिथल्या अंधाराला सरावले की मग वर येऊन चक्कीकडे जा.